आधीचा माणूस

भिकाजी मेस्त्री लंगडत चालायचे, पण त्यांचा नेमका कुठला पाय अधू आहे हे मुलुंडच्या त्या गल्लीत कुणालाच सांगता आलं नसतं. एका आठवड्यात ते डावा पाय ओढायचे, तर पुढच्या आठवड्यात उजवा खांदा पाडून चालायचे. कधी दोन्ही पाय धडधाकट असत आणि कंबर तेवढी वाकलेली असे. शेजारी झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या नाईकबाई सकाळी शटर वर करता करता विचारायच्या, "काय मेस्त्री, आज कुणाचा पाय आणलात?"

मेस्त्री गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "ठाण्याच्या एका मास्तराचो. उद्या परत करतंय."

सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या उत्तरात थट्टा किती आणि खरं किती, हे मला फार उशिरा कळलं.

मेस्त्रींचं दुकान मुलुंड पश्चिमेला, लहान कारखान्यांच्या मागच्या गल्लीत होतं. पाटी नव्हती. एक पत्र्याचं छप्पर, भिंतीवर टांगलेले पाने, एक जुनं कॅलेंडर आणि चामड्याची बैठक असलेलं लोखंडी स्टूल. मेस्त्री इंजिनाला हात लावत नसत. ऑइल बदलत नसत, पंक्चर काढत नसत. "त्येका पन्नास जण आसत," म्हणायचे. त्यांचं काम एकच. कुणी दुसऱ्याने वापरलेली मोटारसायकल विकत घेतली की ती नव्या माणसाच्या अंगाला बसवून द्यायची. हँडल किती वर, किती मागे, क्लचचा दांडा कुठल्या कोनात, ब्रेकचं पेडल पावलापासून किती खाली, सीटमधला फोम कुठे तासायचा आणि कुठे भरायचा, एवढंच ते पाहत. याला ते 'बैठक करणं' म्हणत.

"हात खंय पडता थय हँडल येवक व्हया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "हँडल खंय आसा थय हात न्हेवचो नाय."

पण बैठक करण्याआधी त्यांचं एक काम असे आणि ते जास्त महत्त्वाचं आहे असं ते मानत. आधीच्या माणसाला उतरवणं. त्यांचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं एकच माणूस एका गाडीवर बसला की गाडी त्याच्या हाडांच्या मापाची होते. तो गाडी विकतो, पैसे घेतो, निघून जातो, पण बसलेला असतोच. नवा माणूस त्याच्या मांडीवर बसून गाडी चालवत राहतो आणि मग म्हणतो, माझी पाठ का दुखते.

यासाठी ते गाडी मधल्या स्टँडवर लावून स्वतः तिच्यावर बसत. डोळे मिटत. हात हँडलवर, पाय फूटरेस्टवर ठेवून दोन-तीन मिनिटं गप्प राहत. मग आधीचा माणूस कसा होता ते सांगत. उंची, वजन, कुठला गुडघा दुखतो, कुठल्या खांद्यावर बॅग असायची.

एकदा एका पोस्टमनने त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. स्वतःचीच आठ वर्षं चालवलेली गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "मेस्त्री, कालच घेतली. बघा जरा कोण होता आधीचा." गल्लीतले तिघं-चौघं उभे होते, त्यांच्याकडूनच मी हे ऐकलं. मेस्त्री बसले, डोळे मिटले, उठले. पोस्टमनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधीचो मानूस तुझीच चप्पल घालता," ते म्हणाले. "तेका उतरवलंय तर तू घराक चलत जातलंस. आणि डाव्या गुडघ्याक डाक्टराक दाखव."

सगळी गल्ली हसली. पोस्टमनही हसला. चार महिन्यांनी त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. नाईकबाईंनी फक्त त्यांच्या मशीनवरचं झाकण बंद केलं आणि आत गेल्या.

मी मेस्त्रींकडे गेलो ते गरजेपोटी. मी जालना जिल्ह्यातल्या एका लहान तालुक्याच्या गावचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायचे आणि माझ्या बी.एस्सी.च्या प्रमाणपत्राला त्यांनी हात धुऊन हात लावला होता. मुंबईत मला रक्त तपासणीच्या यंत्रांची देखभाल करायची नोकरी मिळाली. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, जिथे लॅबमधलं यंत्र बंद पडेल तिथे जायचं. अट होती स्वतःची मोटारसायकल आणि सहा महिने नीट काम केल्यावरच कायम करणार. मी भांडुपहून एक जुनी गाडी घेतली. मला गाडी चालवायला येत होती, पण ही गाडी मला चालवू देत नव्हती. मी उंच, आणि तिच्यावर बसलं की गुडघे कोपरांना लागायचे. आठवड्याभरात मनगटं बधिर झाली. एका लॅबमध्ये यंत्राची सुई बसवताना ती बोटांतून निसटली, तेव्हा तिथल्या टेक्निशियनने सांगितलं, "भिकाजी मेस्त्रीकडे जा. बैठक करून घे. आणि ते काय बोलतील ते ऐकून घे, हसू नको."

मी गेलो ती दुपार मला नीट आठवते. नाईकबाईंचं दुकान बंद होतं. त्या भाचीच्या लग्नाला कुडाळला गेल्या होत्या. हे सांगायचं कारण पुढे येईल.

"शिकलंस किती?" मेस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला.

"बी.एस्सी."

"मगे थय लांब उभो ऱ्हव, बीएस्सी. सावली पाडू नको." तेव्हापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही.

ते माझ्या गाडीवर बसले. डोळे मिटले. गल्लीतून एक टेम्पो गेला आणि धूळ खाली बसली. मग मी जे पाहिलं ते पाहिलं तसंच सांगतो. मेस्त्रींचे खांदे हळूहळू गोल झाले. मान आखूड झाल्यासारखी वाटली. ते सडपातळ होते, पण त्या दोन मिनिटांत गाडीवर एक बुटका, रुंद माणूस बसला आहे असं मला दिसत होतं. मग त्या माणसाने मान उजवीकडे वळवून मागे पाहिलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

मेस्त्रींनी डोळे उघडले. त्यांनाही ते नवीन असावं, कारण ते पटकन उठले नाहीत.

"बुटको मानूस," ते म्हणाले. "तुझ्या खांद्याक लागात इतकोच. पाठीमागे पेटी न्हेय. दोरयेची गाठ उजव्या बाजूक. ती सुटता काय म्हणान सारखो बगता."

त्यांनी सीट काढली. खालच्या पत्र्यावर पांढरट गंज होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाच्या टोकावर काहीतरी चिकटलेलं मला दाखवलं. नखाएवढी, वाळलेली, पारदर्शक चकती. माशाचं खवल.

"कोळी मानूस," ते म्हणाले.

मी ऐकलं होतं की विचारलं तर मेस्त्री हेही सांगतात, आधीचा माणूस हयात आहे की गेला. विज्ञानाचा पदवीधर म्हणून मला कुतूहल वाटलं. मी विचारलं.

मेस्त्रींनी खवल बोटावर उलटंपालटं करून पाहिलं. "माका कळना नाय," ते म्हणाले. "असा पयल्यांदाच. अर्धो आसा."

मग त्यांनी एकेक नट सैल केला. हँडलचे चार बोल्ट, दोन्ही दांडे, पेडल, आरसे. गाडी सगळी खिळखिळी झाली. पाना हातात धरून ते तिच्यासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "आज नाईकबाई नाय. तू व्हय म्हणाक ऱ्हव."

कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात, हे मी तोवर ऐकूनही नव्हतो. गावातला मोठा माणूस देवाशी मोठ्याने बोलतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणतात. मेस्त्री तसंच गाऱ्हाणं घालायचे, पण देवाला नव्हे, गाडीवरच्या आधीच्या माणसाला. मला त्यांनी इतकंच समजावलं की मी थांबलो की तू म्हणायचं.

"बा महाराजा, तू ही गाडी चालयलंस."

"व्हय महाराजा," मी म्हणालो.

"तिना तुका पोचयल्यान, तुझ्या पोराबाळांका जेवक घातल्यान."

"व्हय महाराजा."

"आता ह्यो नवो मानूस इलो आसा. तेचे हात लांब, पाय लांब. तेका तुझी बैठक होयत नाय."

"व्हय महाराजा."

"तर हात सोडय, पाय सोडय, पाठ सोडय. उजव्या अंगान उतर आणि सुखान जा."

"व्हय महाराजा."

मेस्त्री एक पाऊल पुढे झाले. आवाज खाली आणला. "काय ऱ्हवतंस?"

आणि ते थांबले.

आमच्या शाळेत पहिलीपासून एक गोष्ट अंगात मुरली होती. गुरुजी बोलून थांबले की सगळ्या वर्गाने एका सुरात 'हो गुरुजी' म्हणायचं. काय विचारलं हे कळण्याआधी तोंड उघडायचं. मी उघडलं.

"व्हय महाराजा."

मेस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला. गल्ली रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, गाडीच्या सीटकडे पाहिलं.

"त्या तुका इचारलला नाय रे," ते म्हणाले. "त्या तेका इचारलला."

नंतर त्यांनी समजावलं. 'राहतोस का' हा प्रश्न आधीच्या माणसाला विचारावाच लागतो, कारण न विचारता कुणाला त्याच्या जागेवरून हलवायचं नाही. पण उत्तर आपण द्यायचं नाही. तिथे सगळ्यांनी गप्प राहायचं. नाईकबाईंना ते ठाऊक होतं. मला सांगायचं राहून गेलं होतं.

"आता काय होईल?" मी विचारलं.

"काय होवचा नाय," मेस्त्री म्हणाले आणि बैठक करायला लागले.

बैठक उत्तम झाली. हँडल दोन बोटं वर आलं, सीट मागे सरकली, क्लच माझ्या हाताच्या रेषेत आला. मनगटांची बधिरता गेली. मी त्यांना मनापासून नमस्कार केला. गाडी पहिल्यांदा माझी वाटली.

तिसऱ्या दिवशी मला कळलं की मी मान वळवतो आहे.

प्रत्येक खड्ड्यानंतर, प्रत्येक गतिरोधकानंतर माझी मान आपोआप उजवीकडे मागे जायची. मागे काही नव्हतं. माझी यंत्राची बॅग मी छातीवर बांधायचो. तरी खड्डा आला की काळजात काहीतरी सुटल्यासारखं व्हायचं, जणू मागे बांधलेलं काही निसटतंय, आणि पाहिल्याशिवाय राहवायचं नाही. मी स्वतःला समजावलं. मनावर परिणाम झाला आहे, मेस्त्रींनी सांगितलं म्हणून होतंय. मी आरसा वाकवून ठेवला, मानेला पट्टा लावला. पट्ट्याच्या आत मान वळायची. आठव्या दिवशी तर मला खारट वास येऊ लागला, आणि तो फक्त गाडी चालू असताना यायचा.

मग एका दुपारी घाटकोपरजवळ हायवेवर माझी मान वळली आणि पुन्हा समोर आली तेव्हा एका डंपरचा मागचा फाळका माझ्या तोंडापासून हाताच्या अंतरावर होता. मी कडेला पडलो. गुडघा फुटला, बॅगेतलं यंत्र फुटलं नाही. रस्त्याच्या कडेला बसलो असताना मला दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. पुढच्या वेळी मी मरेन. आणि गाडी सोडली तर नोकरी जाईल, मग ज्या हातांनी माझं प्रमाणपत्र धुतल्या बोटांनी धरलं होतं त्या हातांना मी काय सांगू.

मी मेस्त्रींकडे गेलो. नाईकबाई परत आल्या होत्या. माझं ऐकून त्या मेस्त्रींवर चिडल्या. "अहो, पोरगं मराठवाड्यातलं. त्याला काय ठाऊक तुमचं गाऱ्हाणं? एक दिवस थांबला असतात तर काय गाडी पळून चालली होती?"

"चुकी माझी," मेस्त्री म्हणाले. त्यांनी मला गाडीची कागदपत्रं काढायला सांगितली. आजवर त्यांनी कुणाचे कागद पाहिले नव्हते. त्यांना गरज पडली नव्हती. आधीच्या मालकाचं नाव हिराजी, पत्ता माहुलचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मेस्त्री माझ्या मागे बसले. गाड्यांवर आयुष्य काढलेला तो माणूस कधी कुणाच्या गाडीवर बसून कुठे गेला नव्हता, सगळीकडे पायी जायचा. वाटेत खड्डा आला की माझी मान वळायची आणि खांद्यामागे मेस्त्रींचा चेहरा दिसायचा.

"मी आसंय," ते दरवेळी म्हणायचे. "काय पडूक नाय. फुडे बघ."

माहुलला रिफायनरीच्या टाक्या घरांच्या डोक्यावर उभ्या आहेत. त्यांच्या खाली कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील, उन्हात पसरलेली जाळी. एका बाईने घर दाखवलं. मी वळणावर गाडी उभी केली, मेस्त्री उतरून पुढे झाले, आणि दाराशी बसलेला माणूस मला दिसला.

तो बुटका, रुंद माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. डावा हात मात्र समोर हवेत, छातीच्या उंचीवर, काहीतरी धरल्यासारखी मूठ मिटून. त्याने मान उजवीकडे मागे वळवली.

त्याच क्षणी माझीही वळली. आमच्यामध्ये वीस पावलांचं अंतर होतं. माझ्या मागे कोण आहे ते मी पाहत होतो, आणि मागे कुणी नव्हतं.

त्याची बायको हात पुसत बाहेर आली. मेस्त्रींनी आपण कोण ते सांगितलं. तिने गाडी ओळखली. "झटका आला त्याना," ती म्हणाली. "उजवं अंग गेलं, बोलनं गेलं. सकालपासून असंच बसतान, गारीवर बसल्यावानी. मान फिरवून फिरवून थकतान. रातीला हात खाली घेतला का परत वर जातो."

"गाडी कधी इकल्यात?"

"ते दवाखान्यात असताना पोरानं इकली. दवाखान्याला पैसं लागत व्हतं."

"म्हणजे तेका कोणी इचारूक नाय," मेस्त्री म्हणाले.

"काय इचारायचं? बोलता येतंय का त्याना?" बाईने पदर तोंडाशी नेला. पण मेस्त्री तिला दोष देत नव्हते. ते हिराजींच्या खुर्चीभोवती फिरत होते. उकिडवे बसून त्यांनी पायांकडे पाहिलं, पाठ आणि खुर्ची यांच्यात तळहात घालून पाहिला. मग पिशवीतून फोमचे तुकडे, ट्यूबच्या पट्ट्या आणि सुरी काढली.

तासभर त्यांनी त्या खुर्चीची बैठक केली. उजव्या नितंबाखाली फोम भरला. निर्जीव पायाखाली वीट ठेवून पाऊल सरळ केलं. घरातली एक फळी मागून घेतली आणि डाव्या बाजूला ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधली, तो हात जिथे हवेत लटकत होता त्याच्या बरोबर खाली. "हात खंय पडता थय," ते पुटपुटत होते. हिराजी त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत सगळं होतं, बाहेर पडायला वाट नव्हती.

मग मेस्त्री समोर बसले आणि गाऱ्हाणं घातलं. नवा माणूस आला आहे, त्याचे हात लांब, पाय लांब. मी 'व्हय महाराजा' म्हणत होतो. शेवटी आवाज खाली आला.

"काय ऱ्हवतंस?"

मी जीभ दातांखाली धरली. बाई गप्प होती. दोऱ्यांवरचे बोंबील वाऱ्याने हलत होते. हिराजींनी मान वळवली, पण या वेळी मागे नाही, गाडीकडे. खूप वेळ ते गाडीकडे पाहत राहिले. मग त्यांच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, क्लच हळू सोडावा तशी, आणि हात फळीवर उतरला.

बाई खाली बसली आणि नवऱ्याच्या पायाला धरून रडायला लागली.

परत येताना चेंबूरपर्यंत मी सात खड्डे मोजले. मान एकदाही वळली नाही. खारट वास नव्हता. मी आनंदाने ओरडून सांगितलं, "मेस्त्री, गेलं."

मी आरसा सरळ करून पाहिलं. मेस्त्री मान उजवीकडे वळवून मागचा रस्ता पाहत होते.

सहा महिन्यांनी मी नोकरीत कायम झालो. पेढे घेऊन प्रथम मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, मान वळवून मागे भिंतीकडे पाहिलं, उरलेला खाल्ला. नाईकबाईंनी सवयीने सुरुवात केली, "आज कुणाची..." आणि वाक्य पुरं केलं नाही.

त्या दिवशी मी विचारायचं धाडस केलं. "मेस्त्री, उतरलेला माणूस जातो कुठे?"

"वाऱ्यार सोडूचो नाय तेका," ते म्हणाले. "खंयतरी बसाक व्हयो ना?"

मग मला त्यांचं चालणं नीट दिसायला लागलं. मास्तरांचा डावा पाय, कुणाचा पडलेला खांदा, कुणाची कंबर. पूर्वी आठवड्याने बदलायचं, आता सगळं एकत्र असायचं. दुकानातून नळापर्यंत जायला त्यांना पाच मिनिटं लागायची, आणि पाहणाऱ्याला वाटायचं की एक माणूस नाही, एक घोळका चालला आहे. मी जमेल तेव्हा जायचो, पाणी भरून द्यायचो. डॉक्टरांकडेही नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले आणि हाडांत काही दोष नाही म्हणाले.

गेल्या वर्षी गल्ली पुनर्विकासात गेली. दुकानं रिकामी करायची नोटीस आली. मेस्त्रींनी कणकवलीजवळच्या आपल्या गावी जायचं ठरवलं. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. ते आपल्या लोखंडी स्टुलावर बसले होते. पिशवी बांधलेली होती. भिंतीवरचे पाने गेले होते, कॅलेंडर तेवढं राहिलं होतं.

"बीएस्सी, गाऱ्हाणा पाठ आसा?"

"आहे."

"माझी बैठक सैल कर. ह्या सगळ्यांका घेवन माका गावाक जावक जमाचा नाय. घराची पायरी चढाची आसा." त्यांनी पाना माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. "इचार करून व्हय म्हण. तुका ठावक आसा ते खंय बसतत."

मला ठाऊक होतं. माझं लग्न ठरलं होतं, माझं रोजचं काम रस्त्यावरचं होतं. घाटकोपरचा तो डंपरचा फाळकाही मला आठवला. आणि मागच्या सीटवरून येणारा आवाजही आठवला, मी आसंय, फुडे बघ. मी पाना घेतला.

स्टुलाचे तीन बोल्ट होते. मी एकेक सैल केला. नाईकबाई 'व्हय' म्हणायला उभ्या राहिल्या. "मेस्त्री, आता मराठवाडी मालवणी ऐका," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

मी गाऱ्हाणं घातलं. बा महाराजा, तू आम्हा सगळ्यांना नीट बसवलंस. व्हय महाराजा. आमच्या पाठी, मनगटं, गुडघे तू राखलेस. व्हय महाराजा. आता हात सोडय, पाय सोडय, पाठ सोडय. उजव्या अंगान उतर आणि सुखान जा. व्हय महाराजा.

मग मी एक पाऊल पुढे झालो आणि आवाज खाली आणला.

"काय ऱ्हवतंस?"

नाईकबाईंनी तोंडावर हात ठेवला. मुंबईत माझं कुणी नव्हतं तेव्हा या माणसाने माझ्यासाठी वाट वाकडी केली होती. त्या गल्लीत आम्हा दोघांना एकच उत्तर द्यायचं होतं, आणि ते द्यायला तोंडही उघडत होतं. आम्ही दोघंही गप्प राहिलो.

मेस्त्री उजव्या बाजूने उठले. पिशवी उचलली. नाईकबाईंना म्हणाले, "येतंय गो," माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या रिक्षाकडे चालू लागले. सरळ, हलक्या पावलांनी, हात मोकळे सोडून. ते चालणं मी कधीच पाहिलेलं नव्हतं. पाठीमागून मला तो माणूस ओळखू आला नाही. नाईकबाईंनाही नसावा, कारण त्यांनी हळूच विचारलं, "हे मेस्त्रीच ना रे?"

गल्लीच्या टोकापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मी पाहिलं. उजवीकडे, मागे. मागे भिंत होती आणि तिच्यावर कॅलेंडर.